नेम आणि नळी

बंदुकीचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम रणांगण येते, नाही तर शिकारीचे रान येते. इतिहासाच्या पुस्तकांतही तिचा उल्लेख ह्या दोनच ठिकाणी सापडतो. परंतु बंदुकीला आणखी एक इतिहास आहे, आणि तो कोणाचाही जीव न घेता घडलेला आहे. दूर माळावर एक पाटी उभी करावी, तिच्या मध्यभागी एक काळे चिन्ह काढावे आणि त्या चिन्हावर गोळी लागावी म्हणून आयुष्याची वीस-वीस वर्षे खर्च करावीत, असे करणारी हौशी माणसे गेली कित्येक शतके युरोपात आणि अमेरिकेत होऊन गेली. बंदुकीत जी सुधारणा झाली तिच्यातला मोठा वाटा सेनापतींचा आहे हे खरे. पण ह्या निरुपद्रवी हौशी मंडळींचा वाटाही लहान नाही. आजच्या भाषणात त्यांच्याविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

आरंभीची बंदूक म्हणजे एक कटकटीचे यंत्र होते. नळीच्या तोंडातून दारू ओतावयाची, तीवर गोळी घालावयाची, गजाने ती ठासावयाची, मग नळीच्या कानाशी रंजक घालून तिला बत्ती द्यावयाची. आपल्या भाषेने ह्या खटाटोपाची आठवण अजून जपून ठेवली आहे. एखादी गोष्ट आपण ‘ठासून’ सांगतो, आणि एखाद्याचा बेत फसला म्हणजे त्याचा बार ‘फुसका’ निघाला असे म्हणतो. बत्तीच्या जागी पुढे गारगोटी आली. तरीही रंजक पेटल्यापासून गोळी सुटेपर्यंत एक क्षण जात असे, आणि तेवढ्या क्षणात नेमबाजाचा हातही हलत असे व सावजही हलत असे.

हा क्षण ज्याने नाहीसा केला तो कोणी सेनापती नव्हता, की शस्त्रागारातला अधिकारीही नव्हता. तो स्कॉटलंडमधील बेलहेल्वी नावाच्या खेड्यातला धर्मोपदेशक होता. अलेक्झांडर फॉर्साइथ हे त्याचे नाव. त्याला पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. रंजकाचा भपकारा पाहून पक्षी गोळी पोहोचण्यापूर्वीच उडून जात, ही त्याची तक्रार. तेव्हा आघाताने पेट घेणारे रासायनिक द्रव्य वापरून त्याने उघडी रंजक काढूनच टाकली आणि 1807 साली आपल्या युक्तीचे पेटंट घेतले. पुढे ते द्रव्य तांब्याच्या इवल्याशा टोपीत बसवण्यात आले, आणि काही दशकांत साऱ्या जगाच्या सैन्यांनी ही पद्धत उचलली. हौसेपोटी झालेली सुधारणा अशी रणांगणावर गेली. हौशी नेमबाजाचे मन निष्पाप असले, तरी त्याच्या हातातली वस्तू निष्पाप राहतेच असे नाही. ह्या इतिहासाची ही दुसरी बाजूही आपण ध्यानात ठेवली पाहिजे.

त्या वस्तूचा अनुभव आपल्या देशाने अर्ध्या शतकाच्या आतच घेतला. नळीच्या आतून पिळाच्या रेषा म्हणजे आटे काढले की गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते, हे जर्मन नगरांतील कारागिरांना पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या संधिकाळापासून ठाऊक होते. पण आटे असलेल्या नळीत घट्ट बसणारी गोळी ठासणे जिकिरीचे. मिनिये नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याच्या गोळीने 1849 च्या सुमारास ही अडचण दूर केली. तिचा तळ पोकळ असल्यामुळे ती सहज आत जाई, आणि दारूच्या दाबाने फुगून आट्यांत घट्ट बसे. त्याच तत्त्वावरची एन्फिल्ड रायफल इंग्रजांनी 1853 साली स्वीकारली. तिचे काडतूस कागदाचे होते; ते दाताने फाडावयाचे आणि आतील दारू नळीत ओतावयाची. त्या कागदाला लावलेल्या चरबीवरून 1857 साली काय वणवा पेटला, हे श्रोत्यांना सांगावयास नको. दारू आणि गोळी ह्यांची ती एक पुडीच होती. पण राज्यकर्ते आणि शिपाई ह्यांच्यातला विश्वास आधीच इतका विरला होता की ती पुडी निमित्त झाली.

ह्यानंतर तीनच वर्षांनी, 2 जुलै 1860 रोजी, लंडनजवळच्या विम्बल्डनच्या माळावर अगदी वेगळे दृश्य दिसले. फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनच्या धास्तीने इंग्लंडात स्वयंसैनिकांची पथके उभी राहिली होती, आणि त्यांना नेम शिकवण्यासाठी 1859 साली राष्ट्रीय रायफल संघ स्थापन झाला होता. त्याच्या पहिल्या स्पर्धेचे उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने केले. जोसेफ व्हिटवर्थ ह्या ख्यातनाम यंत्रज्ञाने आपली षट्‌कोनी नळीची रायफल एका घडवंचीवर अगोदरच नेम धरून घट्ट बसवून ठेवली होती. राणीने फक्त रेशमी दोरी ओढली, आणि चारशे यार्डांवरच्या पाटीवर गोळी मध्यबिंदूपासून सव्वा इंचावर लागली! त्या बाराने एक गोष्ट मात्र सिद्ध केली. बंदूक आता इतकी सुधारली होती की माणसाने तिला हात न लावला तरच ती उत्तम चालावी. ह्यापुढे प्रश्न उरला तो माणसाचा.

ह्या प्रश्नाचे उत्तर मिळाले ते अटलांटिकच्या पलीकडे. अमेरिकेतील यादवी युद्धात नागरी सैनिकांचा नेम किती कच्चा होता हे पाहून खंतावलेल्या चर्च आणि विंगेट ह्या दोन गृहस्थांनी 1871 साली न्यूयॉर्कमध्ये तेथील राष्ट्रीय रायफल संघ काढला. लाँग आयलंडवर क्रीड नावाच्या कुटुंबाची शेतजमीन होती, ती घेऊन क्रीडमूर नावाचे मैदान तयार केले. इकडे 1873 साली आयर्लंडच्या नेमबाजांनी विम्बल्डनला इंग्लंड आणि स्कॉटलंड ह्यांचा पराभव केला होता. त्या विजयाच्या भरात त्यांनी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रातून अमेरिकेला आव्हान दिले. अमेरिकनांना इतक्या लांब पल्ल्याचा सराव मुळीच नव्हता. तरीही न्यूयॉर्कच्या एका हौशी मंडळाने आव्हान स्वीकारले.

26 सप्टेंबर 1874 रोजी हा सामना झाला. दोन्हीकडे सहा-सहा नेमबाज. अंतरे आठशे, नऊशे आणि हजार यार्ड. प्रत्येक अंतरावरून प्रत्येकाचे पंधरा बार. मध्यभागाला गोळी लागली तर चार गुण. हजार यार्ड म्हणजे नऊशे मीटरांहून थोडे अधिक, आणि एवढ्या अंतरावरून तीन फूट चौरसाचा मध्यभाग गाठावयाचा. आयरिश मंडळींच्या हाती ठासणीच्या बंदुका होत्या. जुन्या पद्धतीच्या खऱ्या, पण त्या पद्धतीचा कळस म्हणता येईल अशा. त्या डब्लिनच्या जॉन रिग्बी ह्यांनी बनवलेल्या, आणि रिग्बी स्वतः संघात होते. अमेरिकनांच्या बंदुका नव्या, मागून काडतूस भरावयाच्या. निम्म्या रेमिंग्टनच्या, निम्म्या शार्प्सच्या. त्या दोन्ही कारखान्यांची माणसेही संघात होती. तेव्हा हा सामना दोन देशांचा होता तसाच दोन युगांचाही होता. ठासणीची बंदूक श्रेष्ठ की मागून भरण्याची, ह्याचा निकाल लागणार म्हणून हजारो लोक जमले.

आठशे यार्डांवर अमेरिकनांचे 326 गुण झाले, आयरिशांचे 317. नऊशेवर आयरिश 312, अमेरिकन 310. हजारावर आयरिशांनी 302 गुण मिळवून आपला डाव संपवला. त्यांची बेरीज 931 झाली. अमेरिकनांची बेरीज 930 होती आणि एकच बार शिल्लक होता. तो कर्नल जॉन बोडाइन ह्यांचा. तेवढ्यात त्यांच्या हातात आल्याच्या पेयाची बाटली फुटली आणि तळहात कापला. जखमेवर रुमाल गुंडाळून ते जमिनीवर पालथे झाले, शांतपणे नेम धरला आणि गोळी मध्यभागी लावली. अमेरिका 934, आयर्लंड 931.

नव्या बंदुकीचा जय झाला असा डंका दुसऱ्या दिवसापासून वाजू लागला. पण आकडे नीट पाहिले तर ते वेगळेच सांगतात. तीन अंतरांपैकी लांबची दोन ठासणीच्या बंदुकांनीच जिंकली होती. शिवाय आयरिश संघातील मिल्नर ह्यांची एक गोळी अगदी मध्यभागी लागली होती. मात्र ती शेजारच्या, दुसऱ्याच पाटीच्या मध्यभागी! नियमाप्रमाणे तिला शून्य मिळाले. ते चार गुण मिळते तर आयर्लंडची बेरीज 935 झाली असती. म्हणजे दोन युगांचा निकाल एका माणसाच्या नजरचुकीने आणि दुसऱ्या माणसाच्या धैर्याने लागला. बंदुका होत्या तेथेच होत्या.

तरीही पुढचा काळ मागून भरण्याच्या बंदुकीचाच होता, आणि त्याचे कारण पितळेचे काडतूस. ह्या काडतुसाची रचना मोठी सुबक आहे. बार उडताच पितळेचे कोष क्षणभर फुगते आणि नळीच्या मागील बाजूस बुचासारखे घट्ट बसते. दाब ओसरताच किंचित आकसते आणि सहज बाहेर निघते. टोपी जळते, दारू जळते, गोळी निघून जाते. पण सर्वांत महाग भाग जो कोष, तो हातात शाबूत राहतो. मग तो पुन्हा का भरू नये? ह्या साध्या काटकसरीतून एक स्वतंत्र छंदच जन्माला आला. जुनी टोपी काढावयाची, कोष मूळच्या मापात आणावयाचा, नवी टोपी बसवावयाची, दारू तोलून घालावयाची आणि गोळी बसवावयाची. ह्या कामासाठी लहान हत्यारे आणि हातदाबे विकणारे कारखाने अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाले. येथे इतिहासाने एक गंमत केली आहे. टोपीचे दोन प्रकार रूढ झाले. इंग्रज अधिकारी बॉक्सर ह्याच्या प्रकारात कोषाच्या तळाला मध्यभागी एकच छिद्र असते, त्यामुळे जुनी टोपी आतून सुईने ढकलून काढता येते. अमेरिकन बर्डन ह्याच्या प्रकारात छिद्रे बहुधा दोन आणि बाजूला असतात, त्यामुळे ते काम किचकट होते. इंग्रजाचा प्रकार अमेरिकेत रुजला आणि अमेरिकनाचा युरोपात. काडतुसे पुन्हा भरण्याचा छंद अमेरिकेत एवढा फोफावला, ह्याचे एक कारण ते इवलेसे छिद्र आहे.

छंदाला काटकसरीने आरंभ झाला, पण तो टिकला अचूकतेच्या ओढीने. एक काडतूस दुसऱ्यासारखे हुबेहूब असले पाहिजे, ह्या ध्यासाने माणसे गुंज-गुंज दारू तोलू लागली, वाऱ्याच्या आणि हवामानाच्या नोंदवह्या ठेवू लागली. बिनधुराची दारू 1884 साली फ्रान्समध्ये निघाल्यावर तर सोनाराची दक्षता अपरिहार्य झाली. कारण ती इतकी जोरकस की मापातली चूक नेमाला नव्हे, बंदुकीला आणि नेमबाजालाच भोवावी. मॅसॅच्युसेट्समधील फ्रँक्लिन मान नावाच्या डॉक्टराने तर गोळीच्या उड्डाणाच्या अभ्यासाला कित्येक वर्षे वाहिली आणि 1909 साली त्यावर ग्रंथ लिहिला. ओळीने कागदाचे पडदे लावून त्यांतून गोळी कशी डोलत जाते हे त्याने पाहिले. गोळीचे टोक बिघडले तर फारसे नुकसान होत नाही, पण तिचा तळ किंचितही वाकडा असला तर ती नेम सोडते, हे त्याने दाखवून दिले. सगळे जग टोकाकडे पाहत असताना हा गृहस्थ तळाकडे पाहत होता.

आता आपल्याकडे वळू. वर सांगितलेला सारा छंद एका गोष्टीवर उभा आहे: राज्याने नागरिकाच्या हाती शस्त्र देण्याचा विश्वास. आपल्याकडे 1857 नंतर तो विश्वास उरला नव्हता. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत 1878 साली शस्त्रांचा कायदा आला. भारतीयाला परवाना सक्तीचा झाला, युरोपियनांना सूट राहिली. काँग्रेसच्या अधिवेशनांतून ह्या कायद्याविरुद्ध वारंवार ठराव झाले. बंदुकीपेक्षा त्यातला अपमान लोकांना अधिक झोंबत होता. हा कायदा जाऊन नवा आला तो स्वतंत्र भारतात, 1959 साली. पण त्याही आधी, 1951 साली, भारताचा राष्ट्रीय रायफल संघ स्थापन झाला, आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले गणेश वासुदेव मावळंकर. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, जन्म बडोद्याचा, वकिली अहमदाबादची, निष्ठा गांधीजींवरची. अनेकदा कारावास सोसलेले आणि पुढच्याच वर्षी पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झालेले. अशा अहिंसेच्या उपासकाने रायफल संघाचे अध्यक्षपद घ्यावे, ह्यात कोणाला विसंगती वाटेल. मला ती वाटत नाही. परक्या राज्याने अविश्वासाने काढून घेतलेली वस्तू स्वतःच्या राज्यात नियम पाळून, कोणालाही इजा न करता हाताळता येते, हे दाखवण्यास अशाच माणसाची गरज होती. माझ्यासारख्या सरकारी नोकराला परवान्यांचे अर्ज वाचावे लागतात. त्यांत आत्मसंरक्षण आणि पीकसंरक्षण ही कारणे नेहमीची. ‘खेळ’ हे कारण क्वचित दिसते. ज्या समाजात ते कारण निःशंकपणे लिहिता येते आणि निःशंकपणे मान्य करता येते, त्या समाजात राज्य आणि नागरिक ह्यांचे बरे चालले आहे असे समजावे.

त्या विश्वासाचे फळ मिळण्यास वेळ लागला. बिकानेरचे महाराज करणीसिंग ह्यांनी 1962 साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवले, तेव्हा हा राजेरजवाड्यांचा खेळ होता. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 साली जगज्जेती झाली, आणि त्याच कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे ह्याने 2024 साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा तो मध्यमवर्गाच्या आणि खेड्यापाड्यांच्या घरांत पोहोचलेला होता. त्यापूर्वी 2008 साली बीजिंगला अभिनव बिंद्रा ह्याने सुवर्णपदक जिंकले ते हवेच्या रायफलीने. तिच्यात दारू नाही, धूर नाही, भरावयाचा कोषही नाही. दहा मीटरांवरच्या लक्ष्याचा मध्यबिंदू अर्ध्या मिलिमीटरचा. क्रीडमूरच्या तीन फुटांपासून अर्ध्या मिलिमीटरपर्यंत हा प्रवास झाला.

ह्या प्रवासात बंदुकीने माणसाच्या सबबी एकेक करून काढून घेतल्या. रंजक ओली होती, गोळी सैल होती, दारू कमी पडली, असे आता कोणाला म्हणता येत नाही. उरला तो श्वास, नाडीचा ठोका आणि चाप ओढणारे बोट. बिंद्रा जिंकला तो आठ दशांश गुणांनी. क्रीडमूरला जे तीन गुण निर्णायक ठरले ते माणसाचे होते, तसे हेही माणसाचेच.