सुतार, सूत्रधार आणि कळसूत्री : यंत्रपात्राचा पूर्वेतिहास

रंगमंचावर मनुष्यनटासमोर यंत्राने उभे राहावे आणि पडद्याआडून कोणी हलविल्यावाचून आपली भूमिका पार पाडावी, ही कल्पना केवळ संगणकयुगाची आहे असा सर्वसाधारण समज आहे. भारतीय वाङ्मयाचा आणि मराठी रंगभूमीचा इतिहास पाहता हा समज टिकत नाही. ह्या इतिहासाचा माग तीन परिचित मराठी शब्दांच्या आधारे काढणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पहिले दोन शब्द म्हणजे ‘सुतार’ आणि ‘सूत्रधार’. दोहोंचे मूळ एकच आहे. संस्कृत ‘सूत्रधार’ हा शब्द प्राकृतातून झिजत आला व त्याचा ‘सुतार’ झाला. तोच शब्द पुढे विद्वानांनी तत्सम रूपात पुन्हा घेतला आणि तो नाटकापुरता राहिला. जर्मन पंडित रिखार्ड पिशेल ह्यांनी 1900 साली असे प्रतिपादन केले की, नाटकातील सूत्रधार हा मूळचा बाहुल्यांचे दोर धरणारा होय. ह्या मतावर आक्षेप घेण्यात आले. कारण सूत्र हे मापनाचेही असते, आणि भोजाच्या ‘समरांगणसूत्रधार’ ह्या ग्रंथाचा मुख्य विषय वास्तुविद्या हाच आहे. वादाचा निर्णय काहीही होवो, पात्र घडविणारा आणि पात्र खेळविणारा ह्यांना आपल्या भाषेने एका काळी एकच नाव दिले होते, एवढे निश्चित.

तिसरा शब्द ‘कळसूत्री’. ह्यात दोन भिन्न साधने एकत्र आली आहेत. सूत्र हे खेळ संपेपर्यंत हातात धरावे लागते; कळ एकदा दाबली की हात मोकळा होतो. ‘कथासरित्सागरा’त मयासुराची कन्या सोमप्रभा आपल्या सखीस लाकडी बाहुल्यांची करंडी दाखविते. कळ दाबताच एक बाहुली माळ आणते, एक पाणी आणते, एक नाचते आणि एक चक्क संभाषण करते. अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने रचलेल्या ह्या ग्रंथाचे मूळ गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’त मानले जाते, आणि परंपरा गुणाढ्याचा संबंध प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या मराठवाड्यातील पैठणच्या, सातवाहन राजाशी जोडते.

ह्याहून महत्त्वाचा दाखला राजशेखराचा. इसवी सनाच्या 900 च्या सुमारास कनोजच्या दरबारी असलेला हा कवी आपला पणजा अकालजलद ह्यास ‘महाराष्ट्रचूडामणि’ म्हणवितो. त्याच्या ‘बालरामायण’ नाटकाच्या पाचव्या अंकात सीतेची यंत्रमय प्रतिमा रावणासमोर आणली जाते. तिच्या मुखात एक सारिका बसविलेली असून तीच उत्तरे देते. रावण काही काळ भुलतो. शेवटी हे लाकूड आहे हे त्यास उमगते. यंत्राला हालचाल देणे कारागिरास साधले, पण वाणीसाठी जिवंत पक्षी उसना घ्यावा लागला, ही कवीची सूचना मार्मिक आहे.

मराठी रंगभूमीवर हाच प्रश्न निराळ्या रूपाने आला. 1843 साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ सादर करणारे विष्णुदास भावे हे लाकडी बाहुल्या घडविणारे कुशल कारागीरही होते. सुतार आणि सूत्रधार हे दोन अर्थ त्यांच्या ठायी पुन्हा एकवटले. त्यांच्या नाटकांत सूत्रधार सतत मंचावर राहून पदे गाई आणि पात्रे त्या अनुरोधाने आयत्या वेळचे भाषण करीत. म्हणजे दोर सूत्रधाराकडे असला तरी शब्द नटाचे होते. उलट, यशवंत केशव पाध्ये ह्यांच्या 1916 पासूनच्या ‘अर्धवटराव’ ह्या बोलक्या बाहुल्याचे शब्द सर्वस्वी शब्दभ्रमकाराचे. तथापि प्रेक्षक हसतो तो बाहुल्याच्या हजरजबाबीपणाला.

ह्यावरून पात्रत्वाची कसोटी हाती येते. जिंतूर-परभणीच्या परिसरात ज्यांनी रात्रभर गोंधळ ऐकला आहे, त्यांना ती सांगावयास नको. नायकाच्या निरूपणात साथीदार मध्येच प्रश्न घालतो, आणि त्या प्रश्नाने आख्यानाला वळण मिळते. समोरच्याचे ऐकून त्यास योग्य वेळी उत्तर देणे, हेच पात्राचे लक्षण. सोमप्रभेच्या माळ आणणाऱ्या बाहुलीस कळ होती. समोरच्याच्या कृतीची जाण नव्हती.

ही उणीव भरून काढण्याचा एक लक्षणीय प्रयत्न 1997 च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत झाला. क्लॉडियो पिन्हानेझ ह्यांच्या ‘इट/आय’ ह्या मूकनाट्यात एक मनुष्य आणि एक संगणकपात्र अशी दोनच पात्रे होती. कॅमेऱ्यांच्या द्वारे संगणक नटाच्या हालचाली टिपी आणि पडद्यावरील चित्रे, ध्वनी व प्रकाश ह्यांनी प्रतिसाद देई. कथानक आगाऊ ठरलेले होते. पण कोणता प्रतिसाद केव्हा द्यावयाचा हे त्या क्षणी यंत्रच ठरवी. राजशेखराला वाणीपाशी जी अडचण पडली, ती येथे नाट्य मूक ठेवून टाळली होती, हेही ध्यानात घ्यावयास हवे. त्यानंतरच्या काळात यंत्रास वाणीही लाभली आहे; सारिकेची गरज उरलेली नाही.

तेव्हा नवे काय घडले? कळ आणि सूत्र ह्यांची फारकत झाली. अशा प्रयोगात सुतार असतो, सूत्रधार नसतो. मनुष्यनट चुकला तर दुसरा नट सावरून घेतो. दोर गुंतला तर सूत्रधार सोडवितो. यंत्रपात्र भलतेच बोलले, तर जाब कोणास विचारावयाचा? मंचावर हात दिसत नाही म्हणून उत्तरदायित्व नाहीसे होत नाही; ते सूत्रधाराकडून सुताराकडे जाते. ज्या दोन अर्थांना आपली भाषा एका शब्दात सांभाळीत आली, त्यांचे मूळचे नाते नव्या रंगभूमीनेही विसरू नये, असे म्हणावयास हरकत नाही.