ट्रोव्हाफ्लॉक्सासिन

फ्लुओरोक्विनोलोन वर्गातील व्यापक प्रभावाचे प्रतिजैविक. फायझर कंपनीने ते ‘ट्रोव्हान’ या नावाने विकले. अमेरिकेत डिसेंबर १९९७ मध्ये मान्यता मिळाली आणि दीड वर्षात यकृतावरील दुष्परिणामांमुळे वापर जवळजवळ थांबला.

जंतूंचा डीएनए उलगडताना त्याला पडणारा पीळ सोडवणारी डीएनए गायरेज आणि टोपोआयसोमरेज-४ ही दोन एंझाइमे हे औषध अडवते. डीएनएचे धागे तुटके राहतात आणि जंतू मरतो. सिप्रोफ्लॉक्सासिन न्यूमोकोकसवर आणि ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जंतूंवर तोकडे पडते. ट्रोव्हाफ्लॉक्सासिन या दोन्हींवर चालत असे. त्यामुळे पोटातल्या मिश्र संसर्गासाठी एकच औषध पुरेल, अशी डॉक्टरांची रास्त अपेक्षा होती.

तोंडाने घेतलेल्या मात्रेपैकी सुमारे ८८ टक्के रक्तात पोहोचते. अर्धायुकाल १० तासांच्या आसपास असल्याने दिवसातून एक गोळी पुरे. मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियमयुक्त अँटासिड व लोहाच्या गोळ्या शोषण घटवतात. शिरेतून देण्यासाठी ॲलाट्रोफ्लॉक्सासिन हे पूर्वौषध होते. शरीरात त्याचे झटपट ट्रोव्हाफ्लॉक्सासिन बनते. औषध मूत्रावाटे अगदी थोडे बाहेर पडते. विल्हेवाटीचा मुख्य भार यकृतावर असतो. चक्कर येणे ही नेहमीची तक्रार. रात्री झोपताना किंवा जेवणासोबत घेतल्यास ती कमी होई.

मान्यतेपूर्वी सुमारे ७,००० रुग्णांवर चाचण्या झाल्या. त्यांत यकृत निकामी झाल्याचे एकही उदाहरण नव्हते. बाजारात सुमारे २५ लाख वेळा औषध लिहून दिले गेल्यावर मात्र, जून १९९९ पर्यंत, यकृत तीव्रपणे निकामी झालेल्या १४ रुग्णांचा औषधाशी ठळक संबंध आढळला. त्यांतील सहा दगावले. इतका विरळ दुष्परिणाम काही हजार रुग्णांत दिसण्याची शक्यता फार थोडी असते. म्हणून विक्रीनंतरची नोंद चाचण्यांइतकीच गांभीर्याने घ्यायला हवी. दोन आठवड्यांहून अधिक घेणाऱ्यांना धोका जास्त होता. युरोपात विक्री थांबवली गेली; अमेरिकेत ते जीव किंवा अवयव धोक्यात असलेल्या दाखल रुग्णांपुरते, तेही बहुधा १४ दिवसांच्या आत, ठेवले गेले.

१९९६ मध्ये नायजेरियातील कानो येथे मेंदुज्वराच्या साथीत २०० मुलांवर झालेली चाचणीही या औषधाच्या इतिहासाचा भाग आहे. निम्म्या मुलांना ट्रोव्हाफ्लॉक्सासिन, निम्म्यांना सेफ्ट्रिअॅक्सोन दिले. ११ मुले दगावली, पहिल्या गटातील ५ व दुसऱ्यातील ६. पालकांची योग्य संमती घेतली नाही, हा आरोप कंपनीने नाकारला. २००९ मध्ये कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलरची तडजोड झाली. साथीत हवालदिल झालेल्या आईबापांकडून घेतलेली संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न पैशांनी मिटत नाही.

यकृताला इजा नेमकी कशी होते, याचा एक धागा उंदरांवरील प्रयोगांत सापडला. एकट्या ट्रोव्हाफ्लॉक्सासिनने उंदरांच्या यकृताला इजा होत नाही. जंतूंच्या विषाने आधीच दाह पेटवलेला असेल तर होते. त्याच स्थितीत लिव्होफ्लॉक्सासिन निरुपद्रवी ठरते. म्हणूनच नव्या औषधांची यकृतविषाक्तता तपासताना प्रयोगशाळांत ही जोडी आजही तुलनेसाठी वापरतात.