तिखट फवारा

तिखट फवारा : बागेतील रोपे, फळे व पेरलेले बी जनावरांनी खाऊ नये म्हणून मुख्यतः मिरचीपासून घरच्या घरी केलेले द्रावण. त्यात लसूण, आले किंवा काळी मिरी घालण्याचीही रीत आहे. हे विष नव्हे. प्राणी त्याने मरत नाही, लांबून पाहून पळतही नाही. पहिला घास तोंडात गेला की आग होते आणि दुसरा घ्यावासा वाटत नाही, एवढेच त्याचे काम. म्हणजे पहिला घास गेलेला असतोच. फवाऱ्याच्या यशापयशाचा जवळजवळ सगळा हिशेब या एका मर्यादेतून निघतो, म्हणून ती आधीच ध्यानात घेतलेली बरी.

कार्य : मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन आणि त्याच्या जातकुळीतील काही संयुगांमुळे येतो. मिरची उभी चिरली की बिया एका पांढरट, मऊ पट्टीला चिकटलेल्या दिसतात. ही संयुगे त्या पट्टीत तयार होतात. बिया तिखट लागतात त्या तिला लागून असल्यामुळे. सस्तन प्राण्यांच्या चेतातंतूंवर टीआरपीव्ही१ नावाचा एक ग्राहक असतो. एरवी तो ४३° से.च्या आसपासच्या उष्णतेने जागा होतो आणि भाजल्याची सूचना मेंदूकडे धाडतो. कॅप्सेसिन नेमके त्यालाच जाऊन बिलगते. त्यामुळे तापमान वाढलेले नसतानाही तोंड भाजल्यासारखे वाटते. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये या ग्राहकाचे जनुक शोधून काढले. स्पर्श व उष्णतेच्या संवेदनांवरील कामासाठी २०२१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना विभागून मिळाले. काळ्या मिरीतील पायपरीनही याच ग्राहकावर काम करते, पण त्याचा जोर बराच कमी असतो.

पक्ष्यांमध्येही हा ग्राहक असतो, मात्र कॅप्सेसिनला तो दाद देत नाही. पिंजऱ्यातल्या पोपटाला हिरवी मिरची देण्याची आपल्याकडची पद्धत जुनी आहे, आणि तो ती बियांसकट मिटक्या मारत खातो, हे लहान मुलांनीही पाहिलेले असते. निसर्गात या भेदाचा मिरचीला थेट फायदा होतो. जोशुआ ट्यूक्सबरी आणि गॅरी नभान यांनी दक्षिण ॲरिझोनातील रानमिरचीच्या झुडपांवर केलेला अभ्यास २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. तिथले उंदीरवर्गीय प्राणी तिखट फळ टाळत होते आणि थ्रॅशर जातीचा पक्षी ते आवडीने खात होता. उंदरांना बिनतिखट मिरची खाऊ घातली तेव्हा त्यांच्या पोटातून गेलेले बी रुजले नाही. पक्ष्याच्या विष्ठेतले बी मात्र रुजले. बी चावून फोडणाऱ्याला दूर ठेवायचे आणि ते अखंड गिळून लांब नेऊन टाकणाऱ्याला येऊ द्यायचे, यासाठीच झाडाने हा तिखटपणा कमावला, असा त्याचा अर्थ लावला जातो. बागेतला फवारा म्हणजे मिरचीच्या झाडाचे हे जुने संरक्षण उसने घेऊन टोमॅटोच्या किंवा जास्वंदीच्या पानावर चढवणे होय. ते उसने आणले की त्याची मर्यादाही सोबत येते. पेरू फोडणारे पोपट, कोवळी रोपे खुडणारे मोर, पेरलेले दाणे उकरणारे कावळे यांच्यावर तिखटाचा काहीही परिणाम होत नाही. तिथे जाळीच लावावी लागते. उलट पाश्चात्त्य देशांत पक्ष्यांसाठी ठेवलेल्या दाण्यांना तिखट चोळतात, ते याच कारणाने : खार तोंड लावत नाही, पक्षी निवांत खातात.

कृती : मिरच्या नुसत्या पाण्यात उकळून ते पाणी शिंपडण्याची चाल सर्वत्र आढळते, पण ती बरीचशी वाया जाते. कॅप्सेसिन पाण्यात नगण्य विरघळते. तेलात आणि अल्कोहोलात सहज विरघळते. मिसळीच्या कटातला जहाल भाग वर तरंगणाऱ्या तर्रीत असतो, तसेच हे आहे. म्हणून वाटलेली मिरची आधी थोड्या गोडेतेलात मंद गरम करावी किंवा रात्रभर मुरत ठेवावी, मग त्यात पाणी आणि काही थेंब पातळ साबण घालून जोराने घुसळावे. साबणामुळे तेलाचे बारीक थेंब पाण्यात पसरलेले राहतात. शिवाय मेणचट पानावर पाणी ठरत नाही. कोबीच्या पानावरून किंवा अळवावरून ते मोत्यासारखे ओघळून जाते. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी झाला की तेच द्रावण पानभर पसरते. दुहेरी फडक्यातून गाळले नाही तर पंपाची तोटी हमखास तुंबते.

मिरची निवडताना रंगाला भुलू नये. ब्याडगी लालभडक असली तरी तिखटाला सौम्य असते. तिथे लवंगी उजवी. काळी मिरी, आले, लसूण यांनी फवाऱ्याला वास येतो आणि थोडी झोंब वाढते, पण कामाचा भार मिरचीच उचलते.

कडुनिंबाचा पाला, गोमूत्र, तंबाखू, मिरची व लसूण यांचे ‘अग्निअस्त्र’ विदर्भातील सुभाष पाळेकर यांच्या नैसर्गिक शेतीमुळे महाराष्ट्रात सर्वत्र माहीत झाले. ते किडींसाठी आहे. जनावरांना रोखण्यासाठी ते वापरू नये, कारण तंबाखूतील निकोटीन हे खरेखुरे विष असून चरणाऱ्या प्राण्याच्या पोटात जाणाऱ्या पाल्यावर त्याला जागा नाही.

परिणामकारकता : फवारा पानाच्या पृष्ठभागावरच राहतो, झाडाच्या रसात उतरत नाही. म्हणून फवारणीनंतर फुटलेला नवा कोंब पूर्णपणे उघडा असतो, आणि जनावराला सगळ्यात प्रिय तोच. वाढीच्या दिवसांत आठवड्याला आणि प्रत्येक पावसानंतर पुन्हा फवारावे लागते. कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हा उपाय करण्यात अर्थ नाही. ज्या काळात आजूबाजूला दुसरे खाणे असते त्या काळात तो सर्वांत चांगला चालतो. उन्हाळ्यात रान सुकले आणि जनावर भुकेने टेकीला आले की ते तिखटासकट खाते.

कोणता प्राणी खातो आणि कसा खातो, यावरही बरेच अवलंबून असते. पाला ओरबाडून खाणारा वानर, कोवळे शेंडे खुडणारा रोही, कुंडीतली रोपे कुरतडणारी खार किंवा उंदीर यांच्या जिभेला फवारा थेट लागतो, त्यामुळे काही काळ तरी उपयोग होतो. लाल तोंडाचे माकड केळे सोलून खाते आणि तिखट सालीसोबत फेकून देते. नारळाच्या शेंड्यापर्यंत हातपंपाचा फवारा पोहोचतच नाही. रानडुक्कर सुरण, रताळी मुळासकट उकरते. त्याच्यासाठी पानावरचा फवारा निरुपयोगी. उत्तर अमेरिकेत बागांचे मुख्य नुकसान हरणे करतात. तिथे तिखटापेक्षा सडक्या अंड्याच्या वासाचे फवारे सहसा सरस ठरतात, कारण वासाने सावध झालेले हरीण पहिला घासही घेत नाही.

हत्तींपासून पिके राखण्यासाठी मिरचीचा मोठा प्रयोग झिम्बाब्वेत झाला. लोकी ऑसबॉर्न यांनी १९९० च्या दशकात झांबेझी खोऱ्यातील शेतकऱ्यांबरोबर ग्रीस व मिरची फासलेल्या दोरांची कुंपणे आणि शेणात मिरची कालवून धुरासाठी जाळायच्या विटा वापरात आणल्या. ही पद्धत पुढे आशियातही आली. इंडोनेशियातील वाय कांबास राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या शेतांत मात्र रात्रीच्या राखणीला मिरचीची जोड देऊन विशेष वेगळे काही हाती लागले नाही, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. महाराष्ट्रात सिंधुदुर्गात २००२ पासून आणि गडचिरोलीत २०२१ पासून हत्तींचा वावर आहे. तिथे मिरचीचा धूर राखणीला मदत म्हणून जरूर करावा. राखण सोडून नुसत्या धुरावर विसंबू नये.

एवढ्या मर्यादा असूनही हा उपाय शिकण्याजोगा आहे. कुंपणात सोडलेला वीजप्रवाह जनावराबरोबर माणसाचाही जीव घेतो. विषारी आमिष गावातल्या कुत्र्यामांजरांपर्यंत आणि मेलेले जनावर खाणाऱ्या गिधाडांपर्यंत पोहोचते. तिखटाने प्राण्याला वेदना होते, पण त्याचे शरीर शाबूत राहते आणि तो परत जातो. परसबाग, गच्चीवरच्या कुंड्या, रोपवाटिका एवढ्या आवाक्यात, जाळीच्या जोडीला, त्याचा खरा उपयोग आहे. एकरांच्या शेतीला तो पुरा पडणार नाही.

खबरदारी : द्रावण बंद स्वयंपाकघरात तापवू नये, मिरचीच्या वाफेने घरभर ठसका लागतो, आणि दम्याच्या रुग्णाला त्याचा धोका असतो. हातमोजे व चष्मा घालून, वाऱ्याकडे पाठ करून, संध्याकाळी फवारावे. भर उन्हात तेल आणि साबणाने पाने करपतात, म्हणून नवे द्रावण आधी चारदोन पानांवर मारून दोन दिवस वाट पाहावी. कपडे धुण्याची पूड साबणाच्या जागी घालू नये. उमललेल्या फुलांवर फवारणी टाळावी, तिथे मधमाश्या येतात. कोरडी मिरचीपूड जमिनीवर पसरणे वाईट : ती मांजराच्या, कुत्र्याच्या पंजाला लागते आणि पंजा चाटताना, तोंड पुसताना डोळ्यांत जाते. खायच्या पालेभाजीवर फवारले असल्यास ती भरपूर पाण्यात चोळून धुवावी. हाताची आग पाण्याने शमत नाही. आधी गोडेतेल चोळून पुसावे, नंतर साबण लावावा. तोंडात गेल्यास दूध किंवा दही घ्यावे. डोळ्यांत गेल्यास न चोळता वाहत्या स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावे आणि आग थांबली नाही तर डॉक्टरांकडे जावे.