खळ्यावरचं बलुतं, दिवाळीचं पोस्त

माझे आजोबा गडहिंग्लजजवळच्या खेड्यात न्हावी होते. वर्षभर घरोघर दाढी-डोई करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुतं आणायचं. जोंधळ्याच्या पेंढ्या, थोडं भात, भुईमुगाच्या शेंगा. बलुतेदारांच्या तीन ओळी असत. कुंभार, चांभार, परीट, न्हावी मधल्या ओळीत. सुतार-लोहारांपेक्षा त्यांचा वाटा कमी. वाटा हक्काचा खरा, पण पीक बुडालं की आजोबांचं घरही बुडायचं. महारांवर तर वतनाच्या नावाखाली वेठच लादली जाई. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातली महार वतनं 1918 साली रद्द केली. मुंबई राज्यात तसा कायदा व्हायला 1958 उजाडलं.

वडील मुंबईला गेले, लालबागच्या एका सलूनमध्ये. गिरणगावात गडहिंग्लज, आजरा, चंदगडची माणसं भरपूर. दाढीचे पैसे मालकाच्या गल्ल्यात जात, कारागिराला त्यातली वाटणी मिळे. दिवाळीचं पोस्त मात्र थेट त्याच्या हातात पडे. पोस्टमन, झाडूवाला, सगळेच त्या दिवसांची वाट बघत. गिरणीत बोनस वाटला की गिऱ्हाइकाचा हात सढळ होई. 1982 च्या संपात ते पोस्तही आटलं. बोनस 1965 च्या कायद्यानं कामगाराचा हक्क झाला, पोस्त मर्जीवरच राहिलं. बलुत्याला निदान गाव बांधलेलं होतं.

दिवाळीत पोस्त जरूर द्या. पण त्याआधी वर्षभर कामाचा पुरा दाम द्या, आणि वेळेवर द्या.