स्क्रीनवरचा रंग ओळखणे: एका छोट्या प्रोग्रॅममागचा इतिहास

माउसचा बाण जिथे असेल तिथला रंग सांगणारा प्रोग्रॅम लिहा, असा प्रश्न प्रोग्रॅमिंगच्या प्रात्यक्षिकात अनेकदा दिला जातो. विंडोजवर तो मोजक्या ओळींत सुटतो. बाणाची जागा विचारायची, स्क्रीनचे हँडल मिळवायचे आणि 'गेटपिक्सेल' हे फंक्शन वापरायचे. पण लक्षात घ्या, या फंक्शनकडून रंग मिळत नाही. एक आकडा मिळतो. त्या आकड्याचा अर्थ काय आणि तो वाचण्याचा हक्क कोणाला, या दोन प्रश्नांची उत्तरे गेल्या पन्नास वर्षांत घडत गेली. या पाठात आपण तोच इतिहास पाहू.

१. आकडा आला कुठून?

सुरुवातीच्या अनेक ग्राफिक्स पडद्यांवर इलेक्ट्रॉनचा झोत थेट रेषा ओढत असे. मेमरीत रेषांची यादी असे, ठिपक्यांचे रंग नसत. त्यामुळे 'या ठिपक्याचा रंग कोणता?' हे विचारायला जागाच नव्हती.

१९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात रिचर्ड शूप यांनी 'सुपरपेंट' ही चित्र काढण्याची प्रणाली तयार केली. तिच्यात फ्रेम बफर होता, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी मेमरीत राखलेली जागा. ठिपके ६४० × ४८६ आणि प्रत्येकाला ८ बिट, म्हणजे एकूण ३,११,०४० बाइट. चित्र मेमरीत साठले, तसे ते वाचताही येऊ लागले. आपल्या प्रोग्रॅमचे मूळ इथे आहे.

मात्र ८ बिटांतला आकडा म्हणजे रंग नव्हता, तो रंगांच्या तक्त्यातील ओळीचा क्रमांक होता. १९८७ मध्ये आलेल्या आयबीएमच्या व्हीजीएमध्येही २,६२,१४४ रंगांपैकी एका वेळी २५६ निवडता येत. ठिपक्यात १२ असेल, तर तक्त्यातील १२ क्रमांकाची नोंद पाहावी लागे. ती नोंद बदलली की ठिपक्याला हात न लावता त्याचा रंग बदले.

सुपरपेंटवर काम केलेल्या अ‍ॅल्व्ही रे स्मिथ यांनी १९७८ मध्ये एचएसव्ही ही पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात रंगाची छटा, गडदपणा आणि उजळपणा वेगळे मांडले जातात. '२५५, १६५, ०' हे वाचून चटकन काही बोध होत नाही. छटा काढली की 'नारिंगी' म्हणता येते. लाल आणि हिरव्यातला फरक न दिसणाऱ्या विद्यार्थ्याला आलेखातील रेषा ओळखायची असेल, तर त्याला तीन आकड्यांपेक्षा हे नावच उपयोगी पडते.

२. आकड्याचा अर्थ कोणी ठरवला?

पुढे प्रत्येक ठिपक्याला २४ बिट मिळाले आणि लाल, हिरवा, निळा यांना ० ते २५५ असे मूल्य आले. तरी क्रमाचा प्रश्न राहिला. विंडोजमध्ये लाल सर्वांत खालच्या बाइटमध्ये असतो, म्हणून शुद्ध लालाचा आकडा २५५ येतो. वेबच्या लेखनपद्धतीत लाल सर्वांत वरच्या बाइटमध्ये असतो, म्हणून तोच लाल १,६७,११,६८० होतो. विंडोजने हाच आकडा दिला, तर तो शुद्ध निळा असतो!

क्रम जुळला तरी एकच मूल्य दोन मॉनिटरवर वेगळे दिसे. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एसआरजीबी ही सामाईक व्याख्या सुचवली. १९९९ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. या व्याख्येत १२८ म्हणजे अर्धा प्रकाश नव्हे, तर कमाल प्रकाशाच्या सुमारे २२ टक्के. अर्ध्या प्रकाशासाठी १८८ च्या आसपास मूल्य लागते. दोन रंगांची सरासरी काढताना हा फरक विसरलात, तर उत्तर अपेक्षेपेक्षा गडद येईल.

३. वाचण्याचा हक्क कोणाला?

एक ठिपका वाचू शकणारा प्रोग्रॅम तेच काम लाखो वेळा करून पूर्ण स्क्रीन वाचू शकतो. बँकेचे पान किंवा खासगी निरोप त्याला ठिपक्यांइतकेच उघडे असतात. १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झालेल्या एक्स विंडो प्रणालीत जोडलेला कोणताही प्रोग्रॅम सहसा पूर्ण स्क्रीन वाचू शके. २००८ मध्ये क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी सुरू केलेल्या वेलँडमध्ये ही मोकळीक काढून घेण्यात आली. २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनामध्ये दुसऱ्या प्रोग्रॅमची खिडकी टिपण्यासाठी वापरकर्त्याची परवानगी आवश्यक झाली.

मग रंग ओळखायचा कसा? आता प्रोग्रॅम प्रणालीला विनंती करतो, प्रणाली स्वतःचे भिंग दाखवते, वापरकर्ता ठिपका निवडतो आणि प्रोग्रॅमच्या हाती फक्त त्या ठिपक्याचा रंग येतो. २०२१ मध्ये क्रोम ब्राउझरमध्ये आलेली आयड्रॉपर सुविधाही याच तत्त्वावर चालते. काम तेच राहिले, पण जेवढे हवे तेवढेच मागायचे, हा नियम आला. तुमचा प्रोग्रॅम लिहिताना हाच मार्ग आधी शोधा; पूर्ण स्क्रीनची परवानगी मागणे सोपे वाटले तरी ते शेवटी ठेवा.

स्वाध्याय: रात्रीसाठीचा पिवळसर प्रकाश सुरू करा आणि पांढऱ्या पानाचा रंग प्रोग्रॅमने वाचा. बहुतेक संगणकांवर २५५, २५५, २५५ हेच उत्तर येईल, कारण पिवळी झाक फ्रेम बफर वाचून झाल्यावर, मॉनिटरकडे जाताना चढते. डोळ्याला पिवळे दिसते आणि प्रोग्रॅम पांढरे सांगतो. यात चूक कोणाची, हे वरील तीन मुद्द्यांच्या आधारे पाच ओळींत लिहा.