शौचातले न दिसणारे रक्त : एका जुन्या तपासणीची गोष्ट

आपल्या टिटवाळ्यात संडासवाटे रक्त पडले की निदान बहुतेक घरीच होते : मूळव्याध! अनेकदा ते बरोबरही असते. पण आतड्याच्या कर्करोगातही रक्त जाते, आणि कधी इतके थोडे की डोळ्यांना दिसत नाही. ते शोधणारी तपासणी कशी घडत गेली हे समजले, तर तुमचा रिपोर्टही तुम्हाला नीट समजेल.

1864 मध्ये नेदरलँड्सच्या व्हान डीन यांनी ग्वायाकम झाडाच्या डिंकाने रक्त ओळखण्याची पद्धत मांडली. रक्त असेल तर निळा रंग येतो. 1901 मध्ये बर्लिनच्या इस्मार बोआस यांनी शौचातल्या अशा लपलेल्या रक्ताचा पचनमार्गाच्या कर्करोगाशी संबंध जोडला. पुढे बेंझिडीन हे रसायनही वापरले गेले. त्यानेच मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे कळल्यावर ते मागे पडले. 1993 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटाचा मोठा अभ्यास आला : निरोगी दिसणाऱ्या लोकांची दरवर्षी ही तपासणी केल्यास या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात.

डिंकाच्या पद्धतीत एक अडचण होती. तिला माणसाचे रक्त आणि बोकडाचे रक्त यातला फरक कळत नाही. रविवारी मटण खाल्ले, तर सोमवारचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो! कच्च्या मुळ्यानेही गडबड होते. नवी तपासणी म्हणजे 'फिट'. ती फक्त मानवी हिमोग्लोबिन पकडते, त्यामुळे पथ्य लागत नाही, आणि रक्त किती आहे याचा आकडाही मिळू शकतो.

या आकड्यामुळे तपासणीचे काम बदलले. 2020 मध्ये कोविडमुळे ब्रिटनमध्ये कोलोनोस्कोपी जवळपास थांबल्या, तेव्हा आधी कोणाला बोलवायचे हे फिटवरून ठरू लागले. 2023 पासून तिथे लक्षणे असलेल्या बहुतेक रुग्णांची आधी फिट होते. एक ग्रॅम शौचात 10 मायक्रोग्रॅम किंवा जास्त हिमोग्लोबिन आढळले, तर रुग्ण रांगेत पुढे जातो.

आपल्याकडे 2016 च्या सरकारी कर्करोग तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, आतडे नाही. आणि टिटवाळ्याहून कोलोनोस्कोपीसाठी ठाणे किंवा परळ गाठायचे, म्हणजे पोट साफ करणारे औषध पिऊन शौचालय नसलेल्या लोकलमध्ये बसायचे. रुग्ण टाळतात, यात नवल नाही. म्हणून एका छोट्या बाटलीतल्या नमुन्यावरून 'हे थांबू शकते' की 'उद्याच जा' हे ठरत असेल, तर ते मोलाचे आहे.

पण निगेटिव्ह म्हणजे सुटका नव्हे. इंग्लंडमधील 50 रुग्णालयांत सुमारे 9,800 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात 329 जणांना कर्करोग निघाला. 10 च्या मर्यादेने त्यातले 91 टक्के पकडले गेले, बाकीचे निसटले. त्यामुळे फिट निगेटिव्ह असूनही वजन घटत असेल, रक्त कमी होत असेल किंवा शौचाची सवय बदललेलीच राहिली, तर परत या. बोटाने तपासताना गुदद्वारात गाठ लागली, तर फिटसाठी थांबायचेच नाही. 'माझे वय कुठे तेवढे झाले' असेही म्हणू नका. टाटा मेमोरियलच्या 2017 मधील आढाव्यात अशा रुग्णांचे सरासरी वय 47 च्या आसपास होते.

लॅबमध्ये नुसते 'ऑकल्ट ब्लड' लिहिलेले असेल, तर पद्धत जुनी की फिट, आणि आकडा मिळणार का, हे विचारून घ्या. नमुना संडासच्या पाण्यात पडण्याआधी घ्यायचा असतो.