कुरणातील शाळा

मुले शाळेत टिकत नाहीत, हा दोष मुलांच्याच माथी मारण्याची वहिवाट जुनी आहे. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बालशिक्षणाचे काम आरंभिले. गरीब वस्तीतील मुले बालवाडीकडे फिरकेनात. तेव्हा बाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले दिवसभर गुरे राखीत. पंतोजी अशांना छडी दाखविता. अनुताई वाघ आदी शिक्षिकांनी कुरणातच वर्ग भरविला. शिक्षकाचे पुढारीपण आम्ही म्हणतो ते हेच. पाने, खडे, शिंपले हीच तेथील साधने. एकीकडे गुरे चरत, दुसरीकडे अक्षरओळख चाले.